साळुंकीला उठवायचं गाणं

लाइनमनच्या मोटारसायकलचं नाव साळुंकी. अंग काळंभोर, टाकीवर पिवळा पट्टा, आणि आवाज आधी घसा खाकरल्यासारखा, मग एकदम आळीभर. नाव त्यानंच ठेवलं होतं, आणि लेकीला हाक मारावी तशी तो तिला त्या नावानं हाकही मारायचा.

नोकरीची सगळी वर्षं ती त्याच्याबरोबर होती. कुठं तार तुटली, कुठं खांब वाकला, कुठल्या वस्तीचे दिवे गेले, की हा शिडी तिच्या बगलेला बांधायचा आणि निघायचा. तो वर चढला की ती खाली उभी. खांबावरून माणसांची नुसती टाळकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. पण साळुंकीची टाकी वरून ओळखू यायची. वारा सुटला, खांब डोलला, पायाखालची शिडी कुरकुरली, की तो एकदा खाली बघून घ्यायचा. कमरेचा पट्टा आणि खालची साळुंकी, या दोघांच्या भरवशावर त्यानं जन्म काढला. त्यातला पट्टा वीज खात्याचा होता. साळुंकी त्याची स्वतःची.

बायको म्हणायची, “माझ्या नशिबाला सवत आली, तीही तेल पिणारी. पण बरी आहे बिचारी, कधी माहेरी जायचं नाव काढत नाही.”

साळुंकीला एक खोड होती. रात्रभर थंड पडली की सकाळी सरळ कुणाचं ऐकायची नाही. नुसती किक मारली तर रुसून बसायची, अर्ध्या मनानं मारली तर किकचा दांडा उलटा उसळायचा आणि मारणाऱ्याची नडगी शेकून काढायचा. तिला उठवायची एक रीत होती. ती रीत लाइनमनला कुणी शिकवली नव्हती. चुकत चुकत, खरचटत खरचटत ती त्याच्या अंगात मुरली होती, आणि विसरू नये म्हणून की नुसत्याच लाडानं, त्यानं तिचं गाणं केलं होतं. रोज सकाळी, दारात, ओठातल्या ओठात:

*झुक गं साळुंके, डाव्या अंगाला जराशी,*
*ओठ झाला ओला, आता बोल गं माझ्याशी.*

*किल्ली नको बाई, आधी पाऊल फिरू दे,*
*जिथं अडे पाऊल, तिथं श्वासभर उरू दे.*

*आता फिरव किल्ली, नको दुसरी विनवणी,*
*एका दणक्यात उठे माझी साळुंकी राणी.*

ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस गाडीचे लाड करतोय. लाड होतेच, पण आत सगळं काम होतं. गाडी डावीकडं कलती केली की कार्बोरेटरच्या नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब यायचा, तो तिचा ओठ. मग किल्ली न लावता किक पायानं अगदी हळू दाबायची. एका जागी ती अडायची, तिथं जरा थांबायचं. मग किल्ली. मग एकच किक, पण मन लावून. आत बायको चहा उकळत ठेवून गाण्याकडं कान देऊन असायची. शेवटची ओळ संपली, साळुंकी बोलली, की ती चहा गाळायला घ्यायची. बाहेरचं गाणं आणि आतला चहा यांची अशी वर्षानुवर्षांची गाठ पडली होती.

मग गुडघा गेला. खांब चढून चढून उजव्या पायाची वाटी झिजली होती. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, जिने चढाल, पण मोटारसायकल विसरा. लाइनमन मान हलवून घरी आला. साळुंकी दारात उभी होती. तिच्यावर धूळ बसली, धुळीवर मांजर बसलं. मांजराला हाकलायलाही त्याला उठवेना. शेवटी बायकोच म्हणाली, गाडी चालती असेल तर जिवंत, नाहीतर ती लोखंडाची रास. कुणाच्या तरी कामाला येऊ दे.

बघायला आलेल्यांतला एकही त्याला पटला नाही. एकानं आल्या आल्या चाकाला लाथ घातली. दुसऱ्याला तिचे सुटे भाग काढून दुसऱ्याच गाडीला लावायचे होते. त्याला तर लाइनमननं पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि एक दिवस सिस्टरच म्हणाली, मी घेऊ का?

सिस्टर म्हणजे त्याच्या गुडघ्याचं ड्रेसिंग करायला येणारी नर्स. दवाखान्यातली नोकरी सोडून ती घरोघर जायची, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. सगळं पायी, नाहीतर बसनं. लाइनमनच्या घरापुढच्या चढाच्या खालच्या टोकाला एका खोलीत राहायची. भावाची गाडी ती चालवायला शिकली होती. भाऊ परगावी गेला, गाडीही गेली. लाइनमनच्या गुडघ्याची जखम एका कोपऱ्यात भरत नव्हती, म्हणून ती एक दिवसाआड यायची, आणि तिचा हात असा होता की पट्टी कधी सुटली ते कळायचं नाही. तिनं साळुंकीच्या टाकीवर तळवा ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि विचारलं, “काका, हिला काय म्हणता तुम्ही?”

किंमत विचारायच्या आधी नाव विचारणारी ती पहिलीच. लाइनमननं तिथंच ठरवलं, दिली तर हिलाच.

आणि तिलाच त्यानं फसवलं.

गाडी न्यायला ती यायची होती त्या सकाळी तो लवकर उठला. गाडी स्टँडवर लावली, बाजूला उभा राहून धडधाकट डाव्या पायानं, गाणं म्हणत, तिला सुरू केली, आणि चांगली गरम होईपर्यंत चालू ठेवली. बायकोला वाटलं, निरोप घेतोय. ती मुद्दामच बाहेर आली नाही. निरोप होताही, पण गरम इंजिन कुणाच्याही किकला उठतं, हेही त्याला ठाऊक होतं. सिस्टर आली, तिनं किक मारली, साळुंकी शहाण्या मुलीसारखी पहिल्या हाकेला बोलली. सिस्टरचा चेहरा उजळला. लाइनमननं तिला सगळं सांगितलं. तेल कधी बदलायचं, साखळी किती ढिली ठेवायची, डावा आरसा वाऱ्यानं फिरतो, मागचा ब्रेक जरा आधी दाबावा लागतो. सांगता सांगता सवयीनं त्याचा हात टाकीवर गेला आणि गाण्याची पहिली ओळ ओठांवर आली.

“हे काय गाणं, काका?” तिनं हसून विचारलं.

सांगायची वेळ ती. शब्द दाताशी आले होते. तो म्हणाला, “काही नाही. असंच, लाडाचं.”

साळुंकी चढ उतरून गेली. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग वळणानं गिळला. लाइनमननं स्वतःला समजावलं की एवढं राहिलं आपल्यापाशी तर काय बिघडलं. सगळी गाडी दिली, किल्ल्या दिल्या, कागद दिले. एक गाणं ठेवलं. लेक सासरी धाडताना आई नाही का तिचं एखादं झबलं मागं ठेवून घेत.

पुढच्या खेपेला सिस्टर उशिरा आली, आणि पायी आली. सकाळी सुरूच झाली नाही, म्हणाली. मलाच जमत नसेल. भावाची गाडी बटणाची होती, किकची सवयच नाही. त्यानं विचारलं, किती मारल्या? ती म्हणाली, दमेपर्यंत. तो म्हणाला, “होईल सवय.”

म्हणताना त्याच्या पोटात काहीतरी गोड हललं. साळुंकी दुसऱ्या कुणाला उठत नाही. हे गोड वाटणं त्याला आवडलं नाही, पण वाटलं ते वाटलंच.

ती गाडी मेस्त्रीकडं घेऊन गेली. मेस्त्रीनं कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग बदलला, आणि गाडी त्याच्या दारात दिवसभर फटाफट सुरू होत राहिली. तो म्हणाला, बाई, गाडीत काहीच नाही. दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा मुकी. हे सगळं सिस्टरनं ड्रेसिंग करता करता हसत सांगितलं: गॅरेजात शहाणी, माझ्या दारात वेडी. चढाच्या खाली राहत असल्यानं ढकलून सुरू करायचीही सोय नाही, आणि मेस्त्री आता तिला बघून शटर ओढायच्या बेतात असतो. लाइनमनची बायको पदर तोंडाला लावून हसली. लाइनमनही हसला, पण त्याचं हसू जरा उशिरा आलं.

ती गेल्यावर बायकोनं विचारलं, “अहो, गाणं सांगितलंत ना तिला?”

“सांगितलं की.”

बायकोनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि भांडी आवरायला गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता असं नाही. पण साळुंकीच्या बाबतीत कधी बोलला नव्हता.

आता गुडघा आखडला म्हणून झोप येत नाही असं तो सांगायचा. खरं म्हणजे पहाट झाली की त्याचा कान चढाच्या खाली जायचा. खालून किक ऐकू यायची. एक, मग अजून एक, मग कितीतरी. कोरड्या, दमलेल्या, पाठोपाठ. प्रत्येक किकला त्याचा तो दुखरा पाय अंथरुणात आपोआप दाबला जायचा. ‘कलती कर,’ तो मनात म्हणायचा, ‘कलती कर गं पोरी.’ आणि त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात कुणीतरी म्हणायचं, कंटाळेल. आणून देईल. मग साळुंकी परत दारात उभी राहील. चालवता नाही आली तरी उभी तर राहील. एकाच छातीत ही दोन माणसं शेजारी शेजारी नांदत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

एका सकाळी सिस्टर लंगडत आली. किकचा दांडा उसळून नडगीवर बसला होता. पाय सुजून निळा पडला होता. तिनं स्वतःच पट्टी बांधली होती, घाईत, वाकडी. दुसऱ्यांच्या पट्ट्या इतक्या देखण्या बांधणारीची स्वतःची पट्टी वाकडी बघून लाइनमनची मान खाली गेली. बायकोनं हळद-दूध देऊ का विचारलं, ती म्हणाली, नको काकू, उशीर झालाय. तरी बायकोनं तिला जबरदस्तीनं बसवलं. तेव्हा कुठं ती बोलली.

तिच्या सकाळच्या फेरीत पहिलं घर एका एकट्या म्हातारीचं होतं. साखरेचं दुखणं, सिस्टरनं इंजेक्शन दिल्याशिवाय म्हातारी घास तोंडात घालायची नाही, ताट झाकून वाट बघत बसायची. आधी पायी जायची तेव्हा सिस्टर अंधारात निघायची आणि वेळेवर पोचायची. गाडी आली म्हणून तिनं फेरीत नवी घरं घेतली, निघायची वेळ पुढं ढकलली. आणि गाडी सुरू होत नव्हती. काल म्हातारी वाट बघून बघून उठली, रस्त्यावर नजर टाकायला दाराशी आली, आणि घेरी येऊन उंबऱ्यावर पडली. कपाळाला टाके पडले.

“मला बघून काय म्हणाली सांगू?” सिस्टर म्हणाली. “म्हणाली, बाई, तुला उशीर झाला म्हणजे तुलाच काहीतरी झालं असेल, असं वाटून उठले मी.”

लाइनमनच्या तोंडात सगळं गाणं उभं राहिलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आता सांगावं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हा प्रश्न दाराशीच बसलेला. रोज थोडं थोडं खोटं साठत जाऊन त्याचा असा डोंगर झाला होता की त्याच्या पलीकडं जायला वाट दिसत नव्हती. तो म्हणाला, त्या म्हातारीला बरं वाटू दे. एवढंच म्हणाला. आणि हे म्हणताना आपला आवाज किती प्रेमळ येतोय, हे ऐकून त्याला स्वतःची शिसारी आली.

त्यानंतरच्या खेपेला ती गाडी घेऊनच आली. सुरू करून नव्हे. सुजल्या पायानं ढकलत, सगळा चढ चढून. घामानं डबडबली होती. साळुंकी तिनं त्याच जुन्या जागी लावली, आणि तीही अशी उभी राहिली की जणू गेलीच नव्हती. टाकी स्वच्छ पुसलेली होती. डावा आरसा घट्ट बसवलेला होता.

“काका, तुमची तुम्हाला परत,” ती पायरीवर बसत म्हणाली. “व्यवहाराचं नंतर बघू, मला घाई नाही. हिला तुमच्याशिवाय करमत नाही बघा. माझंच चुकलं. कुणाचं एवढं जीवापाड जपलेलं असं उचलून नेऊ नये माणसानं.”

त्याला हवं होतं ते त्याच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. त्यानं साळुंकीकडं बघितलं. खांबावरून बघायचा तसं बघितलं. तेव्हा तिला बघून जिवाला धीर यायचा. आता तिला बघून त्याला नजर कुठं ठेवावी कळेना.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं गाडी बघितली, मुलीचा पाय बघितला. मग सहज विचारावं तसं विचारलं, “अगं, पण गाणं म्हणून केलंस का?”

“कुठलं गाणं, काकू? ते लाडाचं?”

तांब्या बायकोच्या हातातच राहिला. तिनं नवऱ्याकडं वळून बघितलं नाही. पाणी सिस्टरला दिलं, पदर खोचला, आणि जन्मात कधी त्या गाडीचं हँडल न धरलेली ती बाई साळुंकीजवळ जाऊन उभी राहिली. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून पाठ झालेलं गाणं तिनं गायलं नाही, सांगितलं. एक ओळ, मग तिचा अर्थ, मग पुढची ओळ. झुक म्हणजे डावीकडं कलती करायची. ओठ म्हणजे ही नळी असेल बघ, थेंब येईल. किल्ली आता नाही. पाऊल अडेपर्यंत हळू. सिस्टर उठून एकेक करत गेली. नळीच्या तोंडाशी थेंब आला. किक अडली. ती श्वासभर थांबली. किल्ली फिरवली आणि मन लावून एकदाच पाय मारला.

साळुंकी बोलली. घसा खाकरून, मग आळीभर.

सिस्टर हसली, हसता हसता थांबली. तिच्या तोंडावरचं हसू ओसरताना लाइनमनला दिसलं. ती मागचे दिवस मनात उलटे मोजत होती: हे त्यांना ठाऊक होतं, मी विचारलंही होतं. तिनं गाडी बंद केली.

“विसरले असतील गं,” बायको घाईनं म्हणाली. “ऑपरेशनपासून जरा विसरतातच. हो ना हो?”

बायकोनं दोर टाकला होता. लाइनमननं तो धरला. मान हलवली.

“असं होतं काका,” सिस्टर लगेच मऊ होऊन म्हणाली. “भूल दिलेली असते ना, पुष्कळांचं होतं. मनाला लावून घेऊ नका.” आणि पिशवी उघडून, हात धुऊन, ती त्याच्या पायाशी बसली, कारण आज ड्रेसिंगचा दिवस होता. स्वतःचा सुजलेला पाय तिनं बाजूला लांब पसरला, आणि त्याची जुनी पट्टी सोडवायला लागली. त्याच हातानं, तितक्याच हलकेपणानं. पट्टी कधी सुटली ते त्याला कळलं नाही.

तेच त्याला सोसवलं नाही.

“विसरलो नव्हतो,” तो म्हणाला.

तिचे हात थांबले. बायको दारात होती, ती आत गेली.

“त्या दिवशी गाडी गरम करून ठेवली होती मी. तुला कळू नये म्हणून.” मग त्याला वाटलं अजून काही सांगावं, खांब, वारा, खाली दिसणारी टाकी. पण कपाळाला टाके पडलेल्या म्हातारीच्या पुढं त्यातलं काहीच ठेवता येईना.

सिस्टरनं कापूस औषधात बुडवला. जखम पुसली. नवी पट्टी घेतली आणि बांधली, ना घट्ट ना सैल, शेवटचं टोक नेहमीसारखं आत खोचलं. तिचा हात जरासुद्धा कडक झाला नव्हता. पिशवी आवरून ती उठली, साळुंकीपाशी गेली, किल्ली लावली. गाडी गरमच होती. गाणं लागलं नाही.

जखम भरेपर्यंत ती येत राहिली, वेळेवर. पाय दुमडा, म्हणायची. सरळ करा. दुखतं का? काका मात्र म्हणायची नाही. काकूंशी बोलायची, चहाही घ्यायची एखादे वेळी. लाइनमनला दर खेपेला विचारावंसं वाटायचं, कशी आहे? पण ‘कशी’ म्हणजे कोण, म्हातारी की साळुंकी, आणि यातलं कुठलं आधी विचारायचं, एवढ्यावरच त्याचं तोंड मिटायचं. म्हातारीचे टाके काढले आणि ती बरी आहे, हे त्याला बायकोकडून कळलं.

जखम भरली. तिचं येणं थांबलं.

एकदा बायको सकाळी दुकानाला खाली जाऊन आली. पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, सिस्टर दिसली, दारात गाडी काढत होती. गाणं म्हणत होती.

“तेच?” त्यानं विचारलं.

“तेच. पण नाव दुसरं घातलंय.”

काय नाव, हे त्याच्या ओठांवर आलं. बायको वाट बघत उभी राहिली. त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्याच्या छातीत एक कळ उठली, अगदी जुन्या हक्काची, आणि अजूनही ती उठते म्हणून तो कानापर्यंत तापला. त्यानं विचारलं नाही. बायको आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो जागाच होता. खाली काही वेळ सामसूम. ती कलती करत असेल. थेंब आला असेल. पाऊल अडलं असेल. मग एकच किक, आणि चढाखालून तो आवाज, घसा खाकरून, मग मोकळा. आवाज चढ चढून वर आला, दारावरून गेला, थांबला नाही, आणि म्हातारीच्या घराच्या दिशेनं लांब लांब होत गेला.

आत बायकोनं, सवयीनंच, चहा गाळायला घेतला.